थंडीतली काकडीची रोपं: कळंब भागातल्या नोंदी (जानेवारी-फेब्रुवारी २०२५)

२ जानेवारी

येळवस (वेळ अमावस्येचा सण) झाली, पाहुणे गेले, आता कामाला लागायचं. यंदा वीस गुंठे काकडी, ठिबक आणि मल्चिंगवर (बेडवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद), पाच बाय दीड फुटावर. रोपं लागतील २,९०० च्या आसपास. रमजान मार्चच्या सुरुवातीला लागतोय. पहिला तोडा त्याच्या मधल्या आठवड्यात यायचा तर रोप १ फेब्रुवारीला रानात पाहिजे, म्हणजे बी संक्रांतीला ट्रेत पडलं पाहिजे.

आमच्याकडे काकडी टोकूनच, म्हणजे बी थेट रानात घालूनच, लावतात. पण या दिवसांत पहाटे पारा १२-१३ वर असतो. काकडीच्या बियाला २५ ते ३० अंशांची ऊब लागते. गार ओल्या मातीत ते नुसतं फुगून पडतं आणि कुजतं. गेल्या वर्षी एका नर्सरीतून रोपं आणली होती. दिसायला हिरवीगार, पण मुळ्यांची गुंडाळी झालेली आणि पानाखाली पांढरी माशी. माशीबरोबर काय काय येतं ते मार्चमध्ये कळलं. म्हणून यंदा घरीच करतोय. तात्यांचं (माझे चुलते) मत वेगळं आहे: "ह्या थंडीत काय उगवतंय? फेब्रुवारी लागू दे की."

आजची खरेदी: ९८ कप्प्यांचे ट्रे ४०, चौदाला एक, ५६० रुपये. कोकोपीटच्या पाच किलोच्या विटा तीन, ५४० रुपये. संकरित बी २५ ग्रॅमची चार पाकिटं, २,८८० रुपये. ईसी मीटर (पाण्यातलं मीठ मोजायचं) ९०० रुपये, त्यावरून घरात बोलणी खाल्ली.

ट्रे ९८ चा की ५० चा, यावर दुकानात बराच वेळ गेला. काकडीचं पान रुंद असतं. ९८ मध्ये दुसरं पान फुटलं की रोपं एकमेकांवर चढतात, मग ती लगेच लावावीच लागतात. ५० मध्ये आठवडाभर जास्त थांबता येतं, पण ट्रे, जागा आणि कोकोपीट दुप्पट. रान वेळेवर तयार होईल या भरवशावर ९८ चे घेतले.

५ जानेवारी

कोकोपीट भिजवलं. नारळाच्या भुशात मुळातच मीठ असतं, सोडियम आणि पोटॅशियम. काकडीला मीठ सोसत नाही. वीट फुगल्यावर मूठभर भुसा पिळला आणि खाली आलेल्या पाण्यात मीटर धरलं: २.८. मग धुवायला सुरुवात केली. बोअरच्या पाण्याने दोनदा धुतलं, २.२. तिसऱ्यांदा धुतलं, २.१. चौथ्यांदाही तेवढंच.

तेव्हा मीटर बोअरच्या पाण्यात बुडवलं. पाणीच १.९ चं. आमचं बोअर मचूळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे, चहाला ते कुणी वापरत नाही. पण पिकाला चालतं म्हणून चालत आलंय. आता १.९ च्या पाण्याने धुतलेलं कोकोपीट १.९ च्या खाली कसं जाणार? विहिरीचं पाणी तपासलं तर ०.७. चांगला पाऊण तास ओढून ड्रम आणले, दोनदा धुतलं, शेवटच्या पाण्यात थोडं कॅल्शियम नायट्रेट टाकून रात्रभर ठेवलं आणि सकाळी परत साध्या पाण्याने काढलं. कॅल्शियम भुशाला चिकटलेल्या सोडियमला हुसकावून लावतं, नुसत्या पाण्याने तो सगळा निघत नाही. आता ०.८.

ज्यांना हे करायचंय त्यांनी वीट भिजवायच्या आधी पाणी तपासावं. मीटर नसेल तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बाटली नेऊन द्यावी.

६ जानेवारी

पूर्ण बी टाकण्याआधी दोन ट्रे चाचणीला भरले. एक गोठ्याच्या पत्र्याखाली, उघडा. दुसरा स्वयंपाकघरात चुलीमागच्या फळीवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

११ जानेवारी

फळीवरचा ट्रे तिसऱ्या दिवशी फुटला. आज त्यात नव्वदच्या वर रोपं उभी आहेत.

गोठ्यातल्या ट्रेत काहीच नाही. अर्ध्याहून जास्त कप्पे उकरलेले, बाजूला बियांची टरफलं सोललेली. उंदीर. शेंगदाण्याच्या पोत्याला तोंड न लावता काकडीचं बी शोधून खातो, म्हणजे त्यालाही भाव माहीत असणार. न उकरलेल्या कप्प्यांतलं बी बोटाने बाहेर काढलं तर फुगलेलं, पिवळसर, दाबलं की मऊ. कोंब नाही. थंडीने गेलेलं बी असंच दिसतं. "बी बोगस निघालं" म्हणत दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी चार दाणे काढून दाबून बघावेत. पाकीट एकच होतं, ट्रे भरणारा हात एकच होता. फरक फक्त उबेचा.

फळीवरची रोपं छोट्या कुंड्यांत काढून आईने परसात ठेवली. मुख्य लागवडीत ती धरलेली नाहीत.

१४ जानेवारी, संक्रांत

३४ ट्रे भरले. गल्लीतल्या तिघी ताया सकाळपासून दुपारपर्यंत, ४५० रुपये. तीळगूळ वाटत वाटतच काम झालं.

कोकोपीट किती ओलं पाहिजे यावर सगळं अवलंबून आहे. मूठ आवळल्यावर बोटांच्या फटीत पाणी चमकलं पाहिजे, पण थेंब पडता कामा नये. एका घमेल्यातलं थेंब गाळत होतं, ते उन्हात पसरून परत घेतलं. भरताना दाबायचं नाही. ट्रे जमिनीवर एकदा आपटला की भुसा आपोआप बसतो. खड्डा पेनाच्या टोपणाने, साधारण एक सेंटिमीटर. बी आडवं किंवा टोक खाली. टोक वर राहिलं तर कोंबाला उलटं वळावं लागतं आणि तो टरफल डोक्यावर घेऊनच बाहेर येतो.

ताया बी भिजवायचं का विचारत होत्या, कारली-दोडक्याला तशी सवय असते. हे बी रंगीत आहे, त्यावर आधीच बुरशीनाशक आहे. भिजवलं की ते पाण्यात उतरतं. कोरडंच टाकलं, आणि हातमोजे घालायला लावले. घरचं बिनरंगाचं बी असेल तर चार-सहा तास कोमट पाण्यात भिजवून फडक्यात बांधायला हरकत नाही.

ट्रेंच्या अकरा-बाराच्या तीन थप्प्या, वर एक रिकामा ट्रे, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून स्वयंपाकघरात. आईने दोन दिवस गॅस बाजूला ठेवून चूल पेटती ठेवायची कबूल केलंय. खोलीत दिवसा २८, पहाटे २२. मांजर आत कोंडून घेतलं.

१७ जानेवारी

सकाळी पहिल्या दोन थप्प्या उघडल्या. मधल्या ट्रेंमध्ये कोंब हुकासारखे वाकून वर येऊन बसलेले, शंभरात दहा-पंधरा. हीच उघडायची वेळ. सगळी उगवायची वाट बघायची नाही. लगेच बाहेर उजेडात मांडले.

तिसरी थप्पी भिंतीकडे, जरा गार जागेत होती. वरच्या ट्रेत काही दिसलं नाही म्हणून राहू दिली. संध्याकाळी पुतण्याने खालचे ट्रे ओढून बघितले तर आतली रोपं बोटभर लांब, पांढरी, वरच्या ट्रेच्या बुडाला टेकून वाकडी झालेली. वरचा ट्रे गार, मधले गरम, त्यामुळे वरून अंदाजच येत नाही. अकरा ट्रे असे झाले. थप्पी उघडताना मधला ट्रे बघायचा हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नसतं.

लांबलेलं रोप परत आखूड होत नाही. त्या ट्रेंवर खुणेला लाल सुतळी बांधली.

१९ जानेवारी

साठेक रोपं टोपी घालून उभी आहेत. टरफल दोन्ही पहिल्या पानांना घट्ट पकडून वाळलंय, पानं उघडत नाहीत. वरचा थर सुकल्यामुळे आणि काही ठिकाणी बी उथळ पडल्यामुळे हे होतं. एक-दोन कोरडीच ओढून बघितली, टरफलाबरोबर पानाचा तुकडा आला. मग पहाटे स्प्रेने टोप्या भिजवल्या, दहा मिनिटं थांबलो आणि आईने चिमटीत धरून अलगद काढल्या. ओली असली की ती सुटते. आईच्या हातून तीनच फाटली, माझ्याकडून जास्त.

शेडनेट. गेल्या उन्हाळ्यात मिरचीवर टाकलेलं ५० टक्क्यांचं हिरवं नेट तसंच वर ताणलं होतं. सगळी रोपं दक्षिणेकडे माना काढून उभी. जानेवारीचं ऊन तिरपं आणि कोवळं, त्यात अर्धं आणखी कापायचं कशाला? नेट काढून टाकलं. आता बाजूने आणि वरून फक्त ४० मेशचं कीटकरोधक पांढरं नेट. रात्री बांबूच्या कमानीवर प्लास्टिक, आणि ते सकाळी आठच्या आत काढायचंच. काल साडेनऊ झाले तर आत हात घालवत नव्हता, आतल्या बाजूने पाणी ठिबकत होतं. नेट, प्लास्टिक, बांबू मिळून १,४५० रुपये.

२२ जानेवारी

आज वाईट दिवस. कोपऱ्यातल्या पाच ट्रेंमध्ये रोपं आडवी. काल संध्याकाळी उभी होती.

एक उचलून नीट बघितलं. पानं अजून हिरवी, ताजी. मातीलगतची मान पिचकलेली, पाण्याने भिजलेली, पिवळट. मूळ दोन बोटांत धरून ओढलं तर वरची साल तपकिरी होऊन सुटून हातात आली आणि आत केसासारखा धागा उरला. हे पिथियम, ओलीत पसरणारी बुरशी. आपल्याकडे रोपं कोलमडणं म्हणतात ते हेच.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची आहे. मोटार रात्री चालते म्हणून झारीने पाणीही संध्याकाळीच दिलं जात होतं. रात्रभर ट्रे ओले, वर प्लास्टिक, आणि ट्रे थेट जमिनीवर मांडलेले. कोपऱ्यात प्लास्टिकचा उतार असल्याने सगळा ठिबका तिथेच. आणखी काय पाहिजे बुरशीला.

गावातल्या एका दुकानात रोपटं दाखवलं. त्याने बघितलं न बघितलं, दोन बाटल्या काढून दिल्या, ६४० रुपये. घरी आल्यावर वाचलं तर एक टॉनिक आणि दुसरं भुरीचं औषध. पिथियमला दोन्हींचा उपयोग नाही. बाटल्या अजून तशाच आहेत.

प्रत्यक्षात केलं ते असं: आडवी झालेली रोपं आणि त्यांच्या भोवतालचे कप्पे भुशासकट चमच्याने काढून पिशवीत भरले आणि शेताबाहेर पुरले. सगळे ट्रे विटांवर बांबू टाकून वीतभर वर उचलले, आता खालून वारा जातो. पाणी फक्त सकाळी, तेही वरचा थर फिका पडल्यावर. दुपारनंतर काही झालं तरी नाही. दिवसा पाणी मिळावं म्हणून रात्रीच्या लाईटवर टाकी भरून ठेवायची. कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम, आजूबाजूच्या ट्रेंना एकदाच आळवणी. १६० रुपये.

ट्रायकोडर्मा आणून ठेवलं होतं (१५० रुपये), ते वापरलं नाही. ती पण बुरशीच आहे, रोगाच्या बुरशीला दाबणारी, पण कॉपरवर टाकली तर तीही मरू शकते. ती बी टाकायच्या आधी कोकोपीटमध्ये मिसळायला हवी होती. पुढच्या खेपेला.

२५ जानेवारी

कोलमडणं थांबलं. दीड-पावणेदोनशे रोपं गेली असतील. माझ्या मते थांबलं ते ट्रे वर उचलल्याने आणि सकाळच्या पाण्याने. कारण कॉपर न दिलेल्या लांबच्या ट्रेंमध्येही नवीन रोप पडलेलं नाही.

लाल सुतळीवाल्या ट्रेंना आधार द्यायला मानेभोवती कोकोपीट टाकून बघितलं. जिथे कोरडं टाकलं आणि दोन दिवस वरून पाणी दिलं नाही तिथे रोपं सावरली, काहींना मानेला नवी मुळं पण सुटली. जिथे ओलं टाकलं तिथे मान सडली. शंभर-सव्वाशे गेली.

दुसरं एक. पूर्वेकडच्या सहा ट्रेंची पानं कडेने पिवळी पडून जळल्यासारखी, आणि कोकोपीटवर पांढरी साय. पुतण्या म्हणाला करपा, फवारू या. पण रोग असा सगळ्या रोपांच्या कडेकडेने एकसारखा येत नाही. विचारल्यावर कळलं की विहिरीचा ड्रम रिकामा होता म्हणून तात्यांनी तीन दिवस बोअरचं पाणी दिलं. पिळून मोजलं: २.६. पाणी वाळत जातं, मीठ मागे राहतं, रोज भर पडते. विहिरीच्या पाण्याने ट्रेच्या बुडातून निथळेपर्यंत दोनदा धुतलं. जळलेली कड परत हिरवी होणार नाही, नवं पान कसं येतं ते बघायचं.

पहिलं खरं पान उघडलंय, तेव्हा आजपासून १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, तीन दिवसांआड. त्याआधी खताची गरज नसते, बियातलं पुरतं. गावात लोक पाचव्या दिवशीच तीन-तीन ग्रॅम देतात आणि मग रोप लुसलुशीत झालं म्हणून खूश होतात. तेच रोप रानात पहिल्या उन्हात मान टाकतं.

२९ जानेवारी

चार ट्रेंतली नवी पानं विचित्र. अरुंद, पंख्यासारखी शिरा ओढलेली, कडा दातेरी, देठ पिळलेले. पहिल्यांदा पोटात गोळा आला, वाटलं मोझॅक, विषाणूचा रोग. नर्सरीची रोपं टाळून घरी केली ती याच भीतीने.

पण मोझॅक मावा किंवा माशी घेऊन येते, एक रोप इथे, एक तिथे असा दिसतो, आणि पानावर हिरवे-पिवळे चट्टे असतात. इथे चारही ट्रेंतलं प्रत्येक रोप सारखंच वाकडं, आणि शेजारचा ट्रे ठणठणीत. चट्टा कुठेच नाही. मधली रेघ जणू कुणी आखलेली. म्हणजे वरून काहीतरी पडलंय.

२४ तारखेला पुतण्याने याच चार ट्रेंवर निंबोळी अर्क फवारला होता, आमच्या पंपाचा नोझल अडकला म्हणून शेजारच्या रानातला पंप आणून. त्या पंपाने महिन्यापूर्वी गव्हात २,४-डी मारलेलं, रुंद पानाच्या तणाला. पंप धुतला होता, असं ते सांगतात, आणि धुतला असेलही. पण ते औषध पंपाच्या रबरी नळीत आणि वॉशरमध्ये मुरून राहतं. काकडी, कापूस, द्राक्ष, टोमॅटो यांना त्याचा वास लागला तरी पुरतो. आपल्या भागात ज्वारी, गहू, ऊस सगळ्यांत ते मारतात, तेव्हा उसना पंप म्हणजे हेच आलं.

उपाय नाही. बाजारात एक बाटली मिळते म्हणे "शॉक उतरवायची". घेतली नाही. चारही ट्रे टाकून दिले, ३७० च्या आसपास रोपं. दोन लिटरचा हातपंप घेतला, ३५० रुपये, त्यावर रंगाने "फक्त रोपं" लिहून स्वयंपाकघरात टांगला.

१ फेब्रुवारी

रोपं तयार. दोन खरी पानं, देठ जाड, आखूड. कप्प्यातून उपसलं तर भुसा अख्खा निघतो, मुळं पांढरी, कडेला नुकती पोचलेली. आजच लावायला हवीत.

रान तयार नाही. बेड पाडायचा ट्रॅक्टर दोन दिवसांवर म्हणत आठवडा झाला, आणि मल्चिंग अंथरायला माणसं नाहीत. इथली निम्मी जोडपी ऊसतोडीला गेलेली आहेत, ती उन्हाळ्यातच परत येतील. ९८ चे ट्रे घेताना धरलेला भरवसा तो हा.

थांबवायचं म्हणून पाणी कमी केलं. सकाळी पानं किंचित मलूल दिसली की मग द्यायचं. खत बंद, दिवसा नेट पूर्ण काढून टाकलं. रोपं कणखर होतात आणि वाढ जरा आवरते, पण मुळं आवरत नाहीत.

६ आणि ७ फेब्रुवारी

लागवड. दोन्ही दिवस दुपारी चारनंतर, अंधार पडेपर्यंत. आदल्या रात्री ठिबक चालवून बेड ओले केले होते.

मल्चिंगला भोक तीन इंचांचं. गेल्या वर्षी दीड इंचाचं पाडलं होतं, तेव्हा दुपारी तापलेला कागद मानेला टेकून पुष्कळ रोपं चरकली होती. लावण्याआधी ट्रे पाण्यात बुडवून काढायचा, रोप देठाला धरून ओढायचं नाही, खालून बोटाने ढकलायचं. भुशाची वरची कड आणि जमीन एका पातळीत. खोल गाडायचं नाही आणि भुसा उघडाही ठेवायचा नाही. उघड्या भुशातून वारा पाणी शोषून घेतो आणि बाजूला ओल असून रोप सुकतं.

ऐनवेळी मोजली तर लावण्याजोगी २,४३० रोपं. सोळा-सतरा गुंठे झाले. उरलेल्या सव्वातीन गुंठ्यांसाठी आणखी एक पाकीट आणलं, ७२० रुपये, आणि ८ तारखेला तिथे तात्यांनी आपल्या पद्धतीने टोकलं, एका जागी दोन दाणे.

१३ फेब्रुवारी

टोकलेलं बी आज वर आलं. पाचव्या दिवशी! दिवसा आता ३३ पर्यंत जातंय, काळ्या-चंदेरी कागदाखालची माती गरम झालीय. तात्या सकाळपासून दोनदा सांगून गेले.

ट्रेतल्या रोपांमध्ये दोन तऱ्हा सरळ दिसतात. शेवटी लावलेल्या ट्रेंची मुळं कप्प्याच्या बुडाशी गोल फिरली होती, ती रोपं जशीच्या तशी उभी आहेत, वाढ नाही, पान नाही. बाकीच्यांनी तिसऱ्या दिवशीच शेंडा हलवला. बोअरच्या पाण्याने कड जळलेल्या ट्रेंचं नवं पान मात्र स्वच्छ आलं.

तांबडे भुंगेरे आले. थंडीभर कुठे दडून बसतात कोण जाणे, ऊन तापलं की हजर. पानांना गोल चाळणी पाडतात, आणि टोकलेल्या कोवळ्या रोपांवर तर तुटून पडतात. दोन पानांचं रोप एका सकाळीत संपतं. पहाटे ते सुस्त असतात, उडत नाहीत. साडेसहाला साबणाच्या पाण्याचा डबा पानाखाली धरून टिचकी मारायची, पडतात. आई चुलीची राख चाळून दव असताना टाकते, ती चिकटून राहते. रोप पाच-सहा पानांवर गेलं की भुंगेऱ्याची भीती उरत नाही, तोवर रोज.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

ट्रेतली चांगली रोपं सात-आठ पानांवर, सुतळ्या बांधल्या, पहिली नर फुलं दिसतायत. मुळं गुंडाळलेली चार-पाच पानांवर. टोकलेली तीन-चार पानांवर, पण चांगली ठसठशीत, आणि वाढीचा वेग बघता गुंडाळलेल्यांना ती आठवड्यात गाठतील.

म्हणून पुढच्या वर्षीचं ठरलं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर लावायचं असेल तर सरळ टोकायचं, ट्रेच्या फंदात पडायचं नाही. ट्रे फक्त जानेवारीसाठी, आणि बेड तयार झाल्याशिवाय बी ट्रेत टाकायचंच नाही. ट्रे धुवून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून काढले, सावलीत वाळवून माळ्यावर ठेवले.

खर्च. ट्रे ५६०, कोकोपीट ५४०, बी २,८८०, नेट वगैरे १,४५०, मीटर ९००, कॉपर १६०, ट्रायकोडर्मा १५०, उपयोग नसलेल्या बाटल्या ६४०, हातपंप ३५०, मजुरी ४५०. एकूण ८,०८०. टोकायचं पाकीट यात नाही. २,४३० रोपांवर वाटलं तर रोप सव्वातीन रुपयांच्या वर पडलं. नर्सरीत ते अडीच-तीनला मिळतं. ट्रे, नेट, मीटर, पंप परत वापरात येणार, आणि बाटल्या पुन्हा घेणार नाही. ते सोडलं तर पावणेदोन रुपयांच्या आत बसतं.

तात्यांनी हिशेबाची वही बघितली आणि विचारलं, "वहिनीची मजुरी कुठं धरलीस ह्यात?" धरलेली नाही.